दुसरी चाबी

अमरावती
६ नोव्हेंबर २०२५

आरतीस,

पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते लिहायला घेतलं होतं. दोन कागद त्यातच वाया गेले. म्हणून सरळ कामाचं लिहितो.

गाडी विकायला काढली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चालवायला मनाई केली. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत आहे, डाव्यात जास्त. समोरचं ठीक दिसतं, पेपरही वाचतो, पण बाजूचं हळूहळू बंद होत जातं आणि ज्याचं त्याला ते कळतही नाही म्हणे. दिवसातून दोनदा थेंब टाकायचे. तुझी आई टाकून देते, कारण माझा नेम गालावर जातो. काळजीचं काही नाही. तू करणार आहेस असंही नाही.

गाडीला बारा वर्षं झाली आणि काटा अजून एकेचाळीस हजारांवर आहे. सीटची कव्हरं पहिलीच, आतला दिवासुद्धा कधी बदलला नाही. हवा, ऑइल, बॅटरीचं पाणी, सगळं डायरीत तारखेनिशी लिहिलेलं. गल्लीतले लोक म्हणतात, साहेबांनी गाडी चालवली कमी अन् पुसली जास्त. म्हणू देत.

दलालाला मी दारात उभं करत नाही. चौतीस वर्षं बाजारात वजनकाटे तपासत लोकांच्या काट्याखालची बोटं पकडली, आता त्यातल्याच एखाद्याच्या हातात गाडी देऊ काय? स्वतः कागदावर लिहून मागच्या काचेवर चिकटवलं: “एकाच हाताची गाडी. मालक निवृत्त वैधमापन निरीक्षक. एकदाही अपघात नाही.” गल्लीतल्या एकानं त्याचाच फोटो मोबाइलवर टाकला आणि तिसऱ्या दिवशी अकोल्याहून फोन आला. रऊफभाई म्हणून आहेत, जुन्या शहरात कूलर बनवायचं दुकान आहे त्यांचं. बायको नईमा, बार्शीटाकळीच्या रस्त्यावरच्या एका शाळेत शिक्षिका. गाडी तिच्यासाठी हवी आहे, ती आता शिकायला लागणार आहे.

त्यांचा पहिलाच प्रश्न, “साहेब, दोन्ही चाब्या हायेत ना?” एक चाबी बाहेर कुठं फिरत असली म्हणजे गाडी पुरती आपली झाली असं वाटत नाही, म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

दुसरी चाबी तुझ्याकडे होती. ती कुरिअरनं पाठवून दे. ते लोक सोळा तारखेला, रविवारी येणार आहेत, त्याआधी पोचेल असं बघ.

आईकडून निरोप देता आला असता. पण दर रविवारी तुझ्याशी बोलताना ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, आणि त्या दारावर टकटक करायची माझी पद्धत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. पत्ता दिवाळीला तू आईला पाठवलेल्या साडीच्या पार्सलवरून उतरवून घेतला.

बाकी सगळं ठीक. मैनाबाई अजून भांड्याला येते. थंडी पडली की तिचा पाय धरतो. तुझी चौकशी करत नाही.

तुझे वडील,
खुशालराव


अमरावती
१७ नोव्हेंबर २०२५

आरतीस,

तुझं उत्तर मिळालं. तीन वर्षांनी बापाला लिहायचं तर पोस्टकार्ड! तेही दोन ओळींचं. “चाबी माझ्याकडे नाही. ती कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.” खाली नाव नाही, गाव नाही. पोस्टमननं वाचलं असणार. गेटवर हातात देताना त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

असो. चाबीचं माझं मी बघतो.

काल ते लोक येऊन गेले. तुला सांगायचं काही कारण नाही, पण आईजवळ बोलता येत नाही आणि दुसरं कुणी नाही, म्हणून लिहितो.

रऊफभाई पन्नाशीच्या आतले, दाढी मेंदी लावलेली, बोलायला गोड. मला वाटलं होतं बॉनेट उघडतील, इंजिनाचा आवाज ऐकतील. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. गाडीभोवती फिरत फिरत मधल्या बोटाच्या हाडानं पत्रा वाजवत गेले. आयुष्य पत्र्यात गेलेला माणूस. बॉनेट, उजवे दोन्ही दरवाजे, डिकी. प्रत्येक ठिकाणी मान डोलवायचे. डाव्या मागच्या दरवाजाशी थांबले. पुन्हा वाजवलं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “साहेब, हा काहून बोलून नाही राहिला?”

मी म्हणालो, दरवाजा काय बोलणार!

त्यांनी खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलेलं. उजव्या दरवाजाला लावलं, चिकटलं. डिकीला चिकटलं. डाव्या मागच्या दरवाजाला लावून हात सोडला तर घसरून खाली आलं. त्यांनी ते ओंजळीत झेललं. खाली पडेल हे त्यांना आधीच ठाऊक असावं. “आत पुट्टी भरेल हाय. चांगली भरली, पण भरेल हाय.”

अंजनगाव सुर्जीच्या बाजारात एका धान्यवाल्याच्या पारड्याखालून मी असंच लोहचुंबक काढलं होतं. तू सहावीत होतीस, घरी आणून तुला दाखवलं होतं, आठवत असेल. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा टक लावून पाहिलं होतं. काल माझा चेहरा कसा झाला असेल याचा मला चांगला अंदाज आहे.

इतक्यावर भागलं नाही. नईमा मॅडम ओट्यावर बसून गाडीची डायरी चाळत होत्या. त्यांनी मान वर केली. “सर, चौतीसनंतर एकदम सदतीस कसं?”

रजिस्टरच्या पानांवर क्रमांक घातल्याशिवाय मी जन्मात कधी सही केली नाही, आणि घरच्या डायरीलाही घातले. गेल्या महिन्यात मधलं पान फाडलं तेव्हा ते डोक्यातही आलं नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांची फाटलेली पानं मी याच क्रमांकांवरून पकडत होतो. वह्या तपासणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटणार नव्हतंच.

मी म्हणालो, “एकदा लागली होती. मुलीच्या हातून. शिकून राहिली होती ती.”

तेव्हा सगळ्यांना जे सांगितलं तेच सांगितलं. त्यात नवं काही नाही.

रऊफभाईंनी लगेच बायकोकडे वळून म्हटलं, “देखा? मी काय म्हणून राहिलो होतो? ड्रायव्हर ठेवू आपण. लेडीजच्या हातात गाडी म्हणजे असंच व्हते.” तुझी आई चहा घेऊन आली होती. तिनंही ट्रे ठेवता ठेवता मान हलवली. “पोरीनं तवापासून गाडीले हात नाही लावला जी.” तिला जे माहीत आहे ते ती बोलली.

नईमा मॅडमनी डायरी मिटली. “एकदम सोडली?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

गाडीचं दार उघडंच होतं. त्या स्टिअरिंगजवळ गेल्या, वाकून आत पाहिलं, आणि बसल्या नाहीत. सकाळी फोनवर मला म्हणाल्या होत्या, सर, मी आधी बसून पाहीन हं, मला क्लचपर्यंत पाय पुरतो का ते. बसल्याच नाहीत. विचार करून सांगतो, असं म्हणून ते लोक गेले.

झालं ते एवढंच. उद्या पत्र टाकतो.

खुशालराव


अमरावती
१८ नोव्हेंबर २०२५, सकाळ

आरती,

कालचं पत्र आत्ता वाचलं आणि टाकलं नाही. हे लिहून झालं की दोन्ही एकाच पाकिटात घालीन. कालचं फाडूनही टाकलं असतं, पण पानं फाडायची सवय आता सोडायची आहे.

रऊफभाईंनी मला कुणाच्या हातून लागलं हे विचारलंच नव्हतं. पुट्टी आहे, एवढंच म्हणाले होते. “हो, आहे” म्हणालो असतो तरी भागत होतं. भाव थोडा खाली आला असता, एवढंच. तुझं नाव कुणी मागितलं नव्हतं, मीच आपणहून काढून दिलं. साडेतीन वर्षांनी, काही गरज नसताना. काल रात्रभर सुचलं नाही, पण आज सकाळी दाढी करताना ते एकदम माझ्या ध्यानात आलं आणि हात थांबला. मला माझी लाज वाटली. वाटली म्हणजे अजून वाटते आहे.

तो दिवस तुला माझ्याहून चांगला आठवत असेल, तरी लिहितो. मी एकदाही तो पूर्ण सांगितलेला नाही, कुणालाच नाही, स्वतःलाही नाही.

चौदा मे दोन हजार बावीस. शनिवार, सुट्टी. दुपारचा दीड वाजलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तू बडनेरा रोडनं जाऊन आलीस, छान चालवलीस. गल्लीच्या तोंडाशी मी तुला उतरवून स्टिअरिंगवर बसलो, कारण आपल्या गेटचं वळण अरुंद आहे आणि ते तुला जमायचं नाही असं माझं मत. तू डाव्या सीटवर बसलीस. वळताना तू म्हणालीस, “बाबा, डावीकडे पाहा.” मी म्हणालो, “तू आता मले शिकवून राहिली काय?”

मग तो आवाज आला.

मैनाबाई आपल्या गेटच्या खांबाला टेकून कडुनिंबाच्या सावलीत पाय पसरून बसली होती, आईची झोप होईपर्यंत. मला ती दिसलीच नाही. चाक तिच्या पायावर गेल्यावर मी स्टिअरिंग ओढलं तर दरवाजा खांबावर घासला. आपण दोघं एकदमच खाली उतरलो. लोक दारं उघडून येईपर्यंत दोघंही तिच्याजवळ खाली बसलो होतो. चालवत कोण होतं हे पाहायला कुणीच नव्हतं. समोरच्या घरातल्यांनी काचेवरचं लाल अक्षर पाहिलं, शिकाऊचं, मीच दोन्ही काचांवर मापात चिकटवलेलं, आणि विचारलं, “पोरगी शिकून राहिली व्हती काय?”

मी म्हणालो, “हो.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी मैनाबाईच्या पायाकडे पाहत राहिलो.

रिटायर व्हायला सहा महिने राहिलेत, भानगड झाली तर चौकशी लागेल, असं मी रात्री तुला म्हणालो. तू मान डोलावलीस. पण ते कारण मी नंतर शोधलं होतं. खरं कारण एवढंच की मला लोक काटेवाले साहेब म्हणायचे. बाजारात शिरलो की दुकानदार उभे राहायचे. कुणासमोर मान खाली घालायची मला सवयच नव्हती. आणि चष्म्याच्या दुकानदारानं वर्षभर आधी सांगितलं होतं, साहेब, डावीकडचं तपासून घ्या. तेही मी घरात बोललो नव्हतो. तपासलं असतं तर फिरतीचं काम गेलं असतं.

ते “हो” घाबरून तोंडातून निसटलं असं म्हणता येईल. एक वेळ तू म्हणशीलही. पण दवाखान्यातलं काय? मैनाबाईच्या पायाला प्लास्टर, तिचा मुलगा तोंडाला येईल ते तुला बोलत होता, आणि तू खाटेशी वाकून तिचे पाय धरलेस. “मैनाबाई, माफ कर.” तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी मागे मोसंब्यांची पिशवी घेऊन उभा होतो. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “धांदरट आहे. सावकाश चालव म्हणून कितीदा सांगितलं.” ते वाक्य घाबरून निसटलं नव्हतं. ते मी विचार करून बोललो होतो.

तीन महिने तू रोज संध्याकाळी तिच्या घरी डबा नेलास. तो मुलगा डबा घ्यायचा आणि दार लावायचा. हे मला माहीत होतं.

सप्टेंबरात तू विचारलंस, “बाबा, नोव्हेंबरात रिटायर झाल्यावर तरी सांगाल ना?” मी म्हणालो, “लोकं विसरले आता. कायले उकरून काढतं?” दुसऱ्या दिवशी तू अकोल्याच्या बियाणं तपासायच्या त्या लॅबची नोकरी घेतलीस आणि आठवडाभरात गेलीस. आईला तू कारण सांगितलं नाहीस. मी सांगेन म्हणून वाट पाहत राहिलीस, असं मला आता वाटतं.

आणि चाबी. हॉलमधल्या कपाटात पितळी वजनांची पेटी आहे, जुनी, ज्यातलं पन्नास ग्रॅमचं वजन मूर्तिजापूरच्या बदलीत हरवलं. त्या खाचेत तू चाबी ठेवून गेलीस. दर अमावास्येला मी ती वजनं पुसतो, हे तुला माहीत होतं. तू गेल्यावर महिन्याभरातच मला ती दिसली. तेव्हापासून दर महिन्याला वजनं काढतो, पुसतो, ठेवतो. चाबीला हात लावत नाही.

ती तुझ्याकडे नाही हे ठाऊक असून मी मागितली. तुला पत्र लिहायला दुसरं निमित्त सापडलं नाही. निमित्त सापडलं तेही खोटं.

बाबा


अमरावती
१ डिसेंबर २०२५

आरती,

तुझं उत्तर आलेलं नाही. यावं असं मी त्यात काही लिहिलंही नव्हतं. पण पुढं काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

आईला सांगितलं. मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, दवाखान्यातलं वाक्यही. शेवटी जुडी खाली ठेवली. “दर रविवारी मी तिले फोनवर काय म्हणत व्हती माहीत हाय का तुमाले? बाबाची माफी माग म्हणत व्हती. दर रविवारी. अन् ते पोरगी ‘पाहू आई’ म्हणत जाये.”

स्वयंपाकघराचं दार लोटून तुम्ही दोघी माझ्याविरुद्ध काय बोलता, याचा मी तीन वर्षं राग धरला होता. आत माझीच बाजू मांडली जात होती.

ती माझ्याशी बोलत नाही. थेंब मात्र दोन्ही वेळ टाकते. माझी हनुवटी धरून डोकं मागे करते, टाकते आणि निघून जाते.

मैनाबाईला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल, शिव्या देईल, काम सोडेल. मी तयारीनं गेलो होतो. ती नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “साहेब, पाय तं जुळला. पण म्या तिच्या डब्यातलं बेसन नालीत ओतलं एक दिवस, तिच्यासमोर. ते पोरगी पाहत व्हती. आता ते मी कुठून वापस आणू?” आणि रडायला लागली. माझ्या खोट्यानं तिच्याही हातून काय काय करवून घेतलं, ते मला तेव्हा समजलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, तुमचं नंतर पाहू, आधी तिले बोलवा.

मग गुरुवारी अकोल्याला गेलो, एसटीनं. रऊफभाईंनी फोनवर गाडी नको असं कळवलं होतं, तेव्हा खरं तर जायचं काही कारण उरलं नव्हतं. पण नईमा मॅडम स्टिअरिंगपाशी वाकून परत फिरल्या, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. तू त्या दिवसानंतर गाडीत बसायचीस तेव्हा मागच्या सीटवर बसायचीस, तसंच ते होतं.

दुकानात पत्रे कापायचा एवढा आवाज की मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा रऊफभाईंनी हात करून मशीन बंद करवलं आणि मी नेमका त्या शांततेत ओरडलो, “गाडी मी ठोकली होती! मुलीनं नाही!” चार कारागीर माझ्याकडे बघायला लागले. बरंच झालं. तेव्हाही गल्ली भरून लोक होते.

नईमा मॅडम शाळेतून आल्यावर त्यांना पुन्हा सगळं सांगितलं, खाली बसून, हळू. रऊफभाई म्हणाले, “साहेब, तुमी हे नसतं सांगितलं तरी काय व्हत होतं? पत्रा तं तोच हाय.” मॅडम त्यांच्याकडे वळल्या. “पत्रा तोच आहे. पण तुम्ही पंधरा दिवस मला काय ऐकवून राहिले?” रऊफभाईंनी दाढी खाजवली. “आता मी काय म्हणन!” मग एका कारागिराला उगाच रागावले.

मॅडमनी मला एकच विचारलं. “कशी चालवायची ती?”

मी म्हणालो, “माझ्यापेक्षा चांगली.” हे मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. तुझ्यासमोर बोलायला हवं होतं.

तुझ्या लॅबच्या रस्त्यावरून परत आलो. गेटपर्यंत आलो नाही. येण्याचा मला हक्क आहे असं वाटलं नाही.

काल, रविवारी, गाडी गेली. मॅडमनीच ती घ्यायची ठरवलं. सगळे कागद सह्या करून दिले. फाडलेलं पान मी जाळलं होतं, म्हणून डायरीत त्या जागी कोरं पान चिकटवलं, पस्तीस-छत्तीस क्रमांक घातले आणि लिहिलं: “१४ मे २०२२. गेटजवळ अपघात. मैनाबाई यांचा डावा पाय मोडला. डावा मागचा दरवाजा, पुट्टी व रंगकाम. चालक: मालक स्वतः.” खाली सही केली. काचेवरची जाहिरात आधीच खरवडून काढली होती. मॅडमनी ते पान उभ्या उभ्याच वाचलं आणि डायरी पर्समध्ये ठेवली, गाडीत नाही.

मी दोन्ही चाब्या पुढे केल्या. त्यांनी एकच उचलली. “ही दुसरी कुणाची?” मी सांगितलं. वजनांच्या पेटीचंही सांगितलं. “मग ती मी तिच्याच हातून घेईन,” म्हणाल्या.

शिकाऊचं लाल अक्षर नवीन आणलं होतं त्यांनी. मला म्हणाल्या, सर, तुम्ही लावून द्या, तुम्हाला मापात जमतं. मी लावलं. सरळ लागलं. मग त्या स्टिअरिंगवर बसल्या, सीट पुढे ओढली, पाय क्लचपर्यंत पुरला. गेटमधून बाहेर त्यांनीच काढली. पुढे अकोल्यापर्यंत रऊफभाई नेणार होते, पण गल्लीच्या तोंडापर्यंत मॅडमनी नेली. मैनाबाई खांबाशी उभी होती, ती स्वतःहून दोन पावलं मागे सरली. तुझी आई खिडकीत होती.

चाबी या पाकिटात आहे, जाड कागदात गुंडाळून. मागे मॅडमचा पत्ता आणि फोन लिहिला आहे. तुझ्या खोलीपासून रिक्षानं दहा मिनिटांवर असेल. रविवारी सकाळी त्यांना शाळेच्या मोकळ्या मैदानावर सराव करायचा आहे. रऊफभाई शेजारी बसले की ओरडतात, तेव्हा त्यांना डाव्या सीटवर बसायला दुसरं कुणीतरी हवं आहे. अकोल्यात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का, असं मला विचारत होत्या. मी म्हणालो, एक आहे. येईल की नाही ते सांगता येणार नाही. पण डावीकडे पाहा म्हणाली, तर पाहायचं.

बाबा